कोरड्या दिवसाचा पाऊस

“थांबा! ओतू नका!”

ती इतकी दचकली की बाटलीतलं उरलेलं पाणी अर्धं त्या पत्र्याच्या नळकांड्यात गेलं आणि अर्धं तिच्याच चपलांवर. वळून बघते तर मेंदीच्या कुंपणाआडून एक उंच, काटकुळा माणूस उठून उभा राहत होता. एका हातात काचेचं मोजपात्र, दुसऱ्या हातात अर्धं खाल्लेलं सफरचंद, आणि चेहऱ्यावर चोर मुद्देमालासकट सापडल्याचा आनंद.

“म्हणजे तुम्ही होय!” तो म्हणाला. “तुम्हीच तो पाऊस!”

“कोण पाऊस?”

“अहो, आकाशात ढगाचा ठिपका नाही आणि माझ्या मापात रोज पाणी! आसपासच्या सगळ्या केंद्रांवर ठणठणीत ऊन, आणि एकट्या माझ्याकडे रिमझिम. वरचे साहेब विचारतात, तुमच्या आवारापुरता पाऊस कोणी वेगळा मागवतं का? कधीपासून या झुडपात बसतोय मी.”

तिने नळकांड्याकडे पाहिलं. कंबरेएवढ्या जाळीच्या आत, नीट सपाट केलेल्या गवतावर ते उभं होतं, वर नरसाळ्यासारखं तोंड. रोज दुपारी ती इथल्या बाकावर डबा खायची आणि बाटलीतलं शिळं पाणी जाळीवरून हात घालून त्यात ओतायची. गवतावर ओतलं तर चिखल होतो, आणि तिला चिखल खपत नसे.

“मला वाटलं… पाणी जायची वाट आहे. गटाराची.”

“गटार!” त्याने सफरचंदासकट हात छातीवर ठेवला. “पर्जन्यमापक आहे बाई तो. सरकारी.”

“मग तसं लिहावं की त्यावर.”

“लिहिलंय.”

लिहिलं होतं. पलीकडच्या बाजूने. तिला हसू आवरेना, आणि तिचं हसू बघून त्याला रागावणं जमेना. अशी ती पहिली भेट.

कचेरीत तिला सगळे रजाबाई म्हणत. पुढच्या इमारतीत वरच्या मजल्यावर रजेच्या खिडकीशी ती बसायची. कोणाची किती रजा उरली, कोणाची बुडाली, कोणती कशाला जोडता येते, सगळं तिच्या जिभेवर. नावात तिरकसपणाही होता, कारण ती स्वतः कधी रजा घेत नसे. घरी एक मावशी, तिचं शिवणाचं मशीन आणि खिडकीतली दोन रोपं. रजा घेऊन करायचं काय? दरवर्षी तिच्या रजा वाया जात आणि मावशी कपाळावर हात मारून घेई. “अगं, तू नाही गेलीस म्हणून सूर्य उगवायचा थांबणार आहे का?” मावशी विचारी. सूर्य उगवला असता, पण खिडकी बंद राहिली असती, आणि बंद खिडकीच्या विचाराने तिला झोप लागली नसती. अशा माणसांचं कौतुक करावं की कीव, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पाऊसवाला – तिने त्याला तेच नाव ठेवलं – मागच्या आवारातल्या हवामान विभागाच्या एका खोलीत काम करायचा. त्या दिवसानंतर त्याला रजेविषयी भलतीच जिज्ञासा उत्पन्न झाली. आज विचारी, किरकोळ रजा सुट्टीला जोडता येते का? उद्या विचारी, अर्ध्या दिवसाची रजा सकाळची चांगली की दुपारची? परवा विचारी, रजेवर असताना रजा मागता येते का?

“ताकाला येऊन भांडं लपवू नका,” ती एकदा खिडकीतून म्हणाली. “काय हवंय ते बोला.”

“भांडं कुठे लपवतोय?” त्याने खिशातून मोजपात्र काढून दाखवलं. “मी तर ते हातात घेऊनच फिरतो. नोकरीच ती.”

मागे रांगेतले दोघे-तिघे हसले. तिचे कान तापले. दुपारी ती डबा घेऊन बाकावर गेली तेव्हा तो आधीच तिथे बसलेला होता, आणि आपण घाईने जिना उतरलो हे त्याला कळू नये म्हणून ती उगाच आकाशाकडे बघत राहिली.

“उद्या पाऊस आहे का हो?”

“ते भविष्यवाल्यांना विचारा. आम्ही पडलेला मोजतो.”

त्याने तिला मापायला शिकवलं. मोजपात्र सपाट ठेवायचं, गुडघ्यात वाकायचं, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. वरून पाहिलं तर जास्त दिसतं, खालून पाहिलं तर कमी. ती वाकली. काचेपलीकडे तोही वाकलेला होता. पाण्याच्या रेषेच्या वर त्याचे डोळे होते, आणि ते पाणी मोजत नव्हते.

“आणि… काहीच नसेल तर?” तिने विचारलं. काहीतरी विचारायलाच हवं होतं.

“तर निरंक लिहायचं. जागा मोकळी सोडायची नाही. मोकळी म्हणजे कोणी बघायलाच गेलं नाही. निरंक म्हणजे कोणीतरी गेलं, वाकून पाहिलं, आणि नव्हतं.”

मग तो कसल्याशा विचारात पडला. असा अधूनमधून तो गप्प होई, हसता हसता विझून जाई. तिने विचारलं नव्हतं. विचारायचा हक्क अजून मिळाला नव्हता, असं तिला वाटे.

एके दिवशी तो खिडकीशी आला तेव्हा त्याच्या हातात मोजपात्र नव्हतं.

“बिनपगारी रजा,” तो म्हणाला, “जास्तीत जास्त किती घेता येते?”

ती थट्टेला तयार होती. त्याचा चेहरा पाहून थट्टा घशातच राहिली. “काय झालंय?”

मग त्याने उभ्या उभ्या सांगितलं, तुटक तुटक. दादाला रक्ताचा कॅन्सर होता. मोठा भाऊ – शाळेत चित्रकला शिकवायचा. आई-वडील लवकर गेले तेव्हा दादाने याला वाढवलं होतं, स्वतःचं शिक्षण अर्धवट टाकून. औषधांनी रोग तूर्त मागे हटला होता, पण कायमचा घालवायचा तर दुसऱ्याचा बोन मॅरो लागणार होता, आणि धाकट्या भावाचा तंतोतंत जुळला होता. आधी तपासण्या, मग दवाखान्यात भरती, मग अशक्तपणा जाईतो घरी. त्याच्या सगळ्या रजा दादाच्या उशाशी बसून संपल्या होत्या.

“बिनपगारी कशाला?” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“अवयव किंवा बोन मॅरो देणाऱ्या सरकारी नोकराला भरपगारी रजा आहे. वेगळी. तुमच्या शिल्लक रजेला हात न लावता. नवा नियम आहे, आपल्याकडे अजून कोणी मागितलेली नाही, एवढंच.”

मग त्याने खिडकीच्या गजांवर कपाळ टेकलं. मागच्या रांगेला वाटलं, याची रजा नाकारली.

रजाबाईने ती रजा मिळवली. सोपं नव्हतं. जे आजवर कोणी मागितलं नाही ते पहिल्यांदा देताना साहेबांना घाम फुटतो. “सुईने तर काढतात म्हणे,” साहेब म्हणाले. “दोन दिवसांत माणूस चालायला लागतो. एवढ्याशा दुखण्याला एवढी रजा?”

“साहेब, ही दुखण्याची रजा नाही,” ती म्हणाली. “देण्याची आहे.”

आयुष्यात पहिल्यांदा ती साहेबांशी चढ्या आवाजात बोलली होती. बाहेर आल्यावर मनातून तिला भारी आनंद झाला. दुसऱ्यांच्या रजा लिहिता लिहिता वर्षं गेली, त्यात एक रजा अशी निघाली की जिच्यामुळे कोणी जगणार होतं. तिला वाटलं, आपल्या नोकरीचं आज सार्थक झालं.

तो तिला दादाला भेटवायला घेऊन गेला. काचेचं दार, हात धुवायचं बेसिन, तोंडावर मास्क. दादाच्या डोक्यावर केस नव्हते, भुवयाही विरळ झालेल्या, पण डोळे धाकट्यासारखेच खट्याळ.

“हीच का ती गटारवाली?”

“दादा!”

“बस गं. घाबरू नकोस. याचा मगज माझ्या हाडात जाणार म्हणतात. उद्या मीही तुझ्या खिडकीशी घुटमळायला लागलो, तर ही मला घराबाहेर काढेल.” त्याने बायकोकडे बोट दाखवलं.

वहिनी हसल्या, आणि हसता हसता मास्कच्या कडेने डोळे टिपले. त्यांच्या नखांमध्ये पांढरा खडू होता, कारण दादाचे चित्रकलेचे तास आता शाळेत त्याच घेत होत्या. “येत जा हं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही आलात की हे दोघे भाऊ माणसात येतात.”

तेवढ्यात डॉक्टरीण आली. तिने पाऊसवाल्याच्या खांद्यावर थोपटलं आणि सगळ्यांकडे बघत म्हणाली, “याला आता कापसात ठेवा. गर्दी नको, कोणी शिंकत-खोकत असेल तर जवळ जाणं नको. याला ताप आला की सगळं पुढे ढकलावं लागेल, आणि रोग काही आपल्यासाठी थांबत नाही.”

सगळ्यांनी मान हलवली. रजाबाईनेही हलवली. तिने ते शब्द नीट ऐकले होते, हे मुद्दाम सांगायला हवं.

मंजुरीच्या हुकमावर सही झाली त्या सकाळी ती उठली तेव्हा तिचा घसा धरला होता. अंग मोडून आलं होतं. मावशीने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, “चटका बसतोय. झोप आज घरी. एक दिवस तुझी खिडकी दुसरा कोणी उघडेल.”

“आज नाही, मावशी. आज तर नाहीच.”

हुकूम दुसऱ्या कोणी मागच्या खोलीत नेऊन दिला असता. पण तो कागद त्याच्या हातात पडताना त्याचा चेहरा तिला बघायचा होता. एवढा एकच हट्ट, सगळ्या आयुष्यात. तिने नाकातोंडावरून ओढणी गुंडाळली आणि ती निघाली.

दुपारी आकाश भरून आलं होतं. तो बाकावर वाट बघत होता. परवा तो भरती होणार होता.

“तिकडेच बसा,” ती ओढणीतून म्हणाली आणि हुकूम बाकावरून त्याच्याकडे सरकवला. “माझा घसा बसलाय. लांब बसा.”

तो बाकाच्या अगदी टोकाला सरकला. कागद वाचला, पुन्हा वाचला. “अस्थिमज्जा दान करण्याप्रीत्यर्थ… भरपगारी विशेष रजा… मंजूर.” त्याने कागदाची नीट घडी घातली. “दादाला वाचून दाखवतो. तो म्हणेल, चौकट करून लाव.”

“लावा ना.”

“किती लांब बसू अजून? आणखी सरकलो तर मेंदीत पडेन.”

“पडा. सवय आहे तुम्हाला.”

ती हसली आणि खोकली. तेवढ्यात टपोरे थेंब आले. पत्र्याच्या नळकांड्यावर टणटण वाजू लागले – खरा पाऊस, ढगातला. छत्री एकच होती, त्याची. तिने उठून पळायला हवं होतं. आडोसा काही फार लांब नव्हता. ती उठली नाही. तो छत्री उघडून तिच्याजवळ आला.

“नको… डॉक्टर काय म्हणाल्या…”

“भिजशील.”

भिजशील. ती त्या एका शब्दापाशीच अडकली. इतके दिवस ‘तुम्ही’, ‘अहो’, ‘बाई’. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. “ताप आहे तुला,” तो म्हणाला, आणि हात तसाच राहिला. तिच्या कपाळाला तो हात गार लागला, फार बरा लागला. तिने डोळे मिटले.

“दादा बरा झाला की वहिनीला तुझ्या मावशीकडे पाठवतो,” तो हळूच म्हणाला. “मावशी काय म्हणेल?”

“म्हणेल… घेऊन जा एकदाची. निदान लग्नाला तरी ही रजा घेईल.”

छत्री जरा खाली आली. ओढणी बाजूला झाली. पुढचं कोणी पाहिलं नाही, आणि त्या दोघांनीही त्या क्षणी पुढचं काही पाहिलं नाही.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. आवाज ओळखू येत नव्हता, इतका घसा बसला होता. “मला भरती करून घेतलं नाही,” तो म्हणाला. “ताप आहे.”

तिच्या हातातला पेन खाली पडला. “माझ्यामुळे.”

“पावसात भिजलो म्हणून सांगितलंय. तेच सांगायचं.”

“पण माझ्यामुळे ना?”

फोनवर फक्त खोकला ऐकू आला. मग तो म्हणाला, “थोडेच दिवस पुढे गेलंय. होईल.”

झालं नाही. त्याचा ताप उतरला, खोकला रेंगाळला, आणि तो पुन्हा तपासणीला उभा राहीपर्यंत दादाचा मागे हटलेला रोग परत आला होता – दबा धरून बसल्यासारखा, दुप्पट जोराने. डॉक्टरीण म्हणाली, आता मॅरो देऊन उपयोग नाही, आधी रोग पुन्हा मागे रेटायला हवा. रेटायला दादाच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. हातातोंडाशी आलेला घास गेला. मेंदीच्या कुंपणाला नवी पालवी यायच्या आत दादा गेला.

“वेळेवर झालं असतं तरी रोग परत आला नसताच असं नाही,” डॉक्टरीण म्हणाली. खरंच होतं ते. पण त्या खरेपणाचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

ती त्यांच्या घरी गेली. भिंतीवर दादाची चित्रं होती, टेबलावर ब्रश अजून पाण्यात बुडवलेले, पाणी गढूळ निळं. वहिनींनी तिला पाहिलं आणि गळ्यात पडून त्या ढसढसा रडल्या. “तुम्ही एवढी धडपड केलीत हो,” त्या म्हणत होत्या. “रजासुद्धा मिळवून दिलीत. याची मेली नोकरीच तसली… पावसात उभं राहायची. पावसाने घात केला हो आमचा.”

तिने दाराकडे पाहिलं. तो चौकटीला टेकून उभा होता. त्याने नजर वळवली. ती वहिनींच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि तिला वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं. तोंड उघडून खरं सांगावं, असं मनात आलं. पण मग वहिनींनी दोन माणसं गमावली असती. एक गेलाच होता, दिराशी त्या पुन्हा बोलल्या नसत्या. ती गप्प राहिली. ते गप्प राहणंही तिला खात राहिलं.

पुढे तो खिडकीशी आला. रांगेत उभा राहून, आपली पाळी आल्यावर.

“ती रजा रद्द करायची आहे,” तो म्हणाला.

“आत्ताच कशाला? मी साहेबांशी बोलते, तपासण्या तर झाल्या होत्या ना…”

“देणाऱ्याची रजा आहे ती. मी काही दिलं नाही.” तो तिच्या मागच्या कपाटाकडे बघत बोलत होता. “जे दिवस घेतले ते बिनपगारी धरा. तुम्हाला त्रास होणार नाही ना?”

तुम्हाला. तिने मान खाली घातली आणि हुकमावर आडवी रेघ मारली. या हातांनी मिळवलेली रजा याच हातांनी रद्द करायची, आणि वर शिक्काही मारायचा. शिक्का नीट उठला नाही. तिने पुन्हा मारला.

मग कळलं, त्याने बदली मागून घेतली. डोंगरावरचं केंद्र, जिथे जायला कोणी तयार नसे. जायच्या आधी तो एकदा बाकावर आला. ती रोजच तिथे बसत होती, डबा न उघडता.

दोघे आपापल्या टोकाला बसले. आता मध्ये किती अंतर ठेवायचं हे सांगायला डॉक्टर लागत नव्हती.

“मी घरी राहायला हवं होतं,” ती म्हणाली. “एक दिवस. सगळ्या रजा पडून होत्या माझ्या. एक दिवस घेतली असती तर…”

“कपाळावर हात मी ठेवला होता.” त्याने बोटं एकमेकांत घट्ट अडकवली. “ताप आहे हे कळलं मला. हाताला चटका बसला, तेव्हा दादा डोळ्यांपुढे आला. खरंच आला. आणि तरी मी हात काढला नाही. म्हटलं, एकदाच. एकदाच काय होतंय?”

“माझ्यावर राग आहे?”

“नाही गं.” तो पुन्हा ‘तू’वर आला, आणि त्यानेच तिला रडू फुटलं. “तू समोर आलीस की आधी मला आनंद होतो. अजून होतो. मग त्या आनंदाची चीड येते. दादा नाही आणि मला आनंद कसला होतो? रोज असं जगता येईल का? तुला येईल?”

तिने खूप विचार केला. हो म्हणायची तिची तयारी होती. आयुष्यभर त्याच्या चिडीसमोर बसून राहायचीही होती. पण ती वहिनींचे खडू भरलेले हात बघू शकली नसती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं.

“वहिनी विचारते, तुझी रजाबाई का येत नाही?”

“काय सांगता?”

“सांगतो, तिला रजा मिळत नाही.”

दोघे हसले. फार वाईट हसले. मग तो उठला. जाळीचं फाटक उघडून आत गेला, गुडघ्यात वाकला, मोजपात्र डोळ्यासमोर धरलं. त्या दिवशी पाऊस नव्हता. त्याने वहीत ‘निरंक’ लिहिलं, पेन खिशात ठेवला.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे,” तो तिच्याकडे पाठ करून म्हणाला. “ते रद्द होत नाही. एवढं ठेव.”

आणि तो गेला.

त्यानंतर तिला एक नवीन सवय लागली. साऱ्या केंद्रांचे पावसाचे आकडे रोज एकत्र करून खालच्या मजल्यावरच्या फळ्यावर लावत, आणि तोच तक्ता सगळ्या केंद्रांनाही जाई. जिना चढण्याआधी ती तिथे थांबायची. शेवटची ओळ डोंगरावरच्या केंद्राची. कधी आकडा मोठा असे, कधी लहान. कोरडे दिवस आले तसं तिथे रोज निरंक येऊ लागलं. ती ते वाचायची आणि तिचा जीव भांड्यात पडायचा. म्हणजे आज तो उठला. मापापर्यंत चालत गेला. वाकून पाहिलं. नव्हतं म्हणून नव्हतं लिहिलं. दुसरं पत्र तिला कोण पाठवणार होतं?

एक दिवस मात्र तिला राहवेना. ऊन रखरखत होतं. आवारात चिटपाखरू नव्हतं. हातात बाटली होती, बाटलीत घोटभर पाणी. तिच्या मनात आलं, हे ओतलं तर उद्या त्या तक्त्यावर सगळीकडे निरंक असेल आणि आपल्या ओळीत एक आकडा असेल. तो वाचेल. त्याला एकट्याला कळेल तो कसला पाऊस. उत्तर नको होतं तिला. फक्त मी इथे आहे, एवढंच कळवायचं होतं. तिने जाळीवरून हात घातला आणि पाणी ओतलं.

दुसऱ्या सकाळी ती लवकर गेली. फळ्यावर तिच्या आवाराच्या ओळीत लिहिलं होतं – निरंक.

तिला वाटलं, ऊन कडक होतं, उडून गेलं असेल. दुपारी तिने बाटलीभर पाणी ओतलं. पुढच्या सकाळी पुन्हा तेच, निरंक.

आता त्याच्या जागी एक प्रौढ बाई आल्या होत्या, चष्म्याला दोरी बांधणाऱ्या, मोठ्या शिस्तीच्या. रजाबाई त्यांच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली.

“बाई, एक विचारू? मापात… काल पाणी नव्हतं का?”

बाईंनी चष्मा काढला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. तिच्या हातातल्या बाटलीकडेही पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“होतं,” त्या म्हणाल्या. “परवाही होतं. पण आधीचे होते ना, ते जाताना सांगून गेलेत. कोरड्या दिवशी मापात पाणी दिसलं तर ते पावसाचं नसतं. लिहू नका, ओतून द्या.” त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “आणि म्हणाले, ओतणाऱ्या बाईंना काही बोलू नका. त्यांना रागावू नका.”

रजाबाईने मान हलवली. बरं म्हणाली. बाईंनी बसायला खुर्ची पुढे केली, पण ती बसली नाही. वर खिडकीशी रांग लागली असेल, असं काहीतरी ती बोलली.

जिन्याच्या खाली बेसिन होतं. तिथे तिने बाटली उपडी धरली आणि पाणी संपेपर्यंत ती तशीच धरून उभी राहिली. मग वर जाऊन तिने साहेबांसमोर एक अर्ज ठेवला. साहेबांनी वाचला, पुन्हा वाचला.

“तुम्ही? रजा?” साहेब म्हणाले. “कशासाठी?”

“बरं वाटत नाही,” ती म्हणाली.